आदी चूल

आक्का, तुझी पोरगी आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय. डोळे अर्धे उघडे ठेवून झोपते, अगदी तुझ्यासारखी. काल तुझं तेरावं झालं. पंगत उठली, भावकी पांगली आणि घर एकदम गप्प पडलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तुला एक गोष्ट विचारायची राहिलीय. तसं विचारलं होतं मी, एकदा. पण तू जे उत्तर दिलंस, त्यानं मी होते त्याहून जास्त घोटाळ्यात पडले. शेरडाला पाला टाकायला जाते आणि मध्येच थांबते. भाकरी थापता थापता हात तसाच राहतो. आत्ती म्हणते, सून गेली थोरली आन येडी झाली धाकटी.

शाळेत चार बुकं शिकले ती कधी कामाला आली नाहीत. आज पेन्सिल हातात धरलीय ती तुझ्याशी बोलल्याशिवाय डोकं ताळ्यावर यायचं नाही म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस लिवत. कॉलेजवाली ना तू."

हे कॉलेजवाली प्रकरण तूच काढलंस. माझा बाप विश्रामबागेच्या कॉलेजात माळी. झाडांना पाणी घालणारा माणूस. पण मी लग्न होऊन या मळ्यात आले आणि तू पलूसच्या बाजारापर्यंत सांगत सुटलीस की आमची धाकटी कॉलेजातनं आलीया. बायका मला बघायला यायच्या. पहिल्या वर्षी मी तुला तुमी म्हणायची, थोरली जाऊ म्हणून. तर तूच एकदा धुणं धुताना म्हणालीस, "तुमी तुमी काय करतीयास? मला काय पाटावर बसवून ववाळायचीया? तू म्हन." त्या दिवसापासून तू झालीस आणि त्याच दिवसापासून आपली भांडणं सुरू झाली. आधी तुमी होतं तोवर भांडताच येत नव्हतं.

आणि भांडणं तरी कसली. तुझं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं ते "आमच्या खंडाळ्याकडं" असं. आमच्या खंडाळ्याकडं पिठलं असं हाटत न्हाईत. आमच्या खंडाळ्याकडं वासराला असं बांधत न्हाईत. मी म्हणायची, मग तिकडंच राहायचं होतंस की. तू हसायचीस. तुला राग यायचा तो फक्त एकाच गोष्टीवरून, आणि आपलं खरं भांडण त्याच गोष्टीवरचं होतं. त्या इळ्यावरचं.

चुलीच्या मागच्या भिंतीला खुंटी आहे आणि खुंटीला तो इळा. त्यानं कुणी गवत कापत नाही, की भाजी चिरत नाही. त्यानं फक्त नाळ कापायची. आत्तीच्या दोन्ही लेकांची नाळ त्यानंच कापली, तुझ्या घरवाल्याची, म्हणजे दादांची, आणि माझ्या घरवाल्याची. भावकीत कुठं बाळंतपण निघालं की तू इळा घेऊन जायचीस, कारण पोटातलं पोर कसं आहे ते तुझ्या हाताला कळायचं आणि सगळ्यांचा तुझ्यावर भरवसा. पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेत इळा पाटावर मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि तसाच परत खुंटीला. धुवायचा नाही. धुतला की वंश धुऊन जातो. त्याच्या पात्यावर हळदीचा, कुंकवाचा आणि आणखी कशाकशाचा काळपट थर बसलेला. मी नवी होते तेव्हा एकदा झाडलोट करताना तो घासायला घेतला, तर तू माझ्या हातातनं हिसकावून घेतलास. तेवढा एकदाच तुझा हात मला जोरात लागला.

तुझी चार पोरं गेली, आक्का. त्यातलं चौथं मी बघितलं. चांगलं गुटगुटीत होतं. पाचवी झाली, आत्तीनं इळा पुजला, सटवाईला दहीभात दाखवला, आणि मग एका सकाळी पोरानं तुझी छाती तोंडात धरली नाही. तू परत परत लावत राहिलीस. त्याचं तोंड उघडेना. जरा कुठं भांडं वाजलं की अंग ताठ करून कमान व्हायचं ते. तू घरात भांडं वाजू देत नव्हतीस. दादा बाहेर खोकले तरी आतून ओरडायचीस. आत्ती म्हणाली, दातखीळ बसली. मी विचारलं, बिनदाताच्या पोराला दातखीळ कशी? आत्तीनं डोळे वटारले. तू त्याच्या ओठावर दुधाचं बोट फिरवत होतीस.

आधीच्या तिघांचं तू मला विहिरीवर सांगितलंस, पालेभाजीचा भाव सांगावा तसं. पहिलं असंच, दातखीळ बसून. दुसऱ्याच्या वेळी तुझ्या दुधाला बाधा होती, असं तुझं म्हणणं. तिसरं दिवस भरायच्या आधीच झालं. उसाला पाणी पाजायची पाळी तुझी होती, पौषातला गारठा होता, बांधावरच कळा आल्या. "येवढंसं व्हतं. हाताच्या तळव्यात मावंल येवढं. पदरात गुंडाळलं तवा गरम व्हतं आन घरी आनलं तवा गार." एवढं सांगून तू घागर उचललीस. चौथ्याचं कारण मात्र तू कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, लिवलं न्हवतं त्येच्या कपाळावर, आनि काय.

मला वाटायचं, इळा. दुसरं काही नाही, तो इळा.

आणि असं वाटायला मी तरी कोण लागून गेले होते? माझी पहिली पोरगी माहेरी झाली. विश्रामबागेत शिकलेली नर्सबाई आली होती. पांढरं लुगडं, हाताला साबण, कात्री उकळून घेतलेली. मी डोळ्यांनी बघितलं उकळताना. आणि तिसऱ्या दिवशी माझी पोरगी गेली. रडली नाही, ताठ झाली नाही, नुसती निजून राहिली आणि गेली. नर्सबाईनं खाली मान घातली. मग वर्षा-दीड वर्षानं माझा बाळू इथं झाला, तुझ्या हातात. तोच इळा, तसाच न धुतलेला. नाळेवर चुलीतली राख. आणि बाळू आज शेरडाच्या मागं पळतोय, त्याला साधा खोकला नाही.

हे तू मला किती वेळा ऐकवलंस. मी इळ्याचं काढलं की तू शांतपणानं म्हणायचीस, "बाळू कसा जगला मग?" झालं. मी काय सांगणार? मला त्याचं उत्तर तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही. उकळलेल्या कात्रीची गेली आणि न धुतलेल्या इळ्याचा जगला. याचा अर्थ काय लावायचा, आक्का? की अर्थ नसतोच आणि आपण उगाच भांडत बसतो?

तरी मी भांडत राहिले. लढाई संपली आणि हे फौजेतनं परत आले, तेव्हा तर मला जोरच चढला. हे तिकडं फौजेच्या इस्पितळात कामाला होते. जेवताना सांगायचे, चाकू असो, सुई असो, आदी उकळायची, मग मानसाच्या अंगाला लावायची, न्हाईतर जखमेत धनुर्वात व्हतो आन जबडा बसतो. मी तुझ्याकडं बघितलं. तू दादांना आमटी वाढत होतीस. म्हणालीस, "लडाईतल्या मानसाला गोळी लागती भावजी. नाळ काय गोळी हाय व्हय? ती तर देवानंच तोडाया दिल्याली." सगळे हसले. हेही हसले. मला एवढा राग आला यांचा की दोन दिवस बोलले नाही.

दुसरं भांडण चिकाचं. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण वड्या पाडून खायचो, वेलदोडा घालून, शेजारी वाटून. आणि बाईचा चीक मात्र पिळून टाकायचा, पोराला पहिले तीन दिवस गुळाचं पाणी. मी म्हणाले, गाईचा चीक गोड आणि आपला नासका, हे कोणी ठरवलं? तू पाटीभर शेण हातात घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "मग तू तुज्या चिकाचा खरवस कर की. बाळूला आन त्येच्या बापाला दे वाडून." मला हसू आवरेना. हसता हसता भांडण राहूनच गेलं. आपली निम्मी भांडणं अशी हसण्यात बुडाली आणि आता ती कुठं काढायची?

आणि मग या वेळी तुला दिवस गेले. तू कुणाला सांगितलं नाहीस, मीच ओळखलं. पोट मोठं होत गेलं तशी तुझी भाकरी लहान होत गेली. पोर मोठं झालं तर अडंल, असं तुझं. मी तुझ्या ताटात चोरून तूप सोडायची, तू ते बाळूच्या भातावर निथळायचीस. एकदा मात्र तू रात्रीच्या भाकरीला बसलीस आणि अख्खी खाल्लीस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कधी कळायचं नाही. आता तर कळायची वाटच बंद झाली.

त्या दिवशी दुपारी गुऱ्हाळ चालू होतं, सगळे गडी तिकडं. आत्ती तुला पाठीमागून धरून बसली होती. आत्तीचे हात आता थरथरतात, म्हणून नाळ मीच कापायची असं आदल्या दिवशीच ठरलेलं. चुलीवर मोठ्या पातेल्यात आंघोळीचं पाणी खदखदत होतं. मी खुंटीवरचा इळा काढून हातात घेतला होता. काय करायचं ते मनाशी ठरलं नव्हतं, खरं सांगते. तुझ्या मनाविरुद्ध करायला धजत नव्हते आणि तुझ्या मनासारखं करायला हात होत नव्हता. तेवढ्यात पोर आलं. रडलं. मी म्हणाले, पोरगी. तू मान वळवलीस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस,

"आदी चूल."

बस्स. एवढंच. भावकीतल्या बायकांना हुकूम सोडायचीस त्या आवाजात.

मी ऐकलं ते माझ्या कानानं ऐकलं. मी इळा आणि बांधायचा दोरा दोन्ही उकळत्या पाण्यात टाकले. आणि आत्तीनं ऐकलं ते तिच्या कानानं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि चुलीतली राख परातीत घेऊन आली. बघते तर इळा पाण्यात.

"अगं काय क्येलंस हे? वंस शिजवलास."

मी म्हणाले, आक्काच म्हणाल्या, आदी चूल. आत्ती म्हणाली, "व्हय, हौसाच म्हनली. राख आन म्हनली." दोघी तुझ्याकडं बघायला लागलो. माझ्या हातात सांडशी, आत्तीच्या हातात परात, आणि तुझे डोळे मिटलेले. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तो इळा तसाच बाहेर काढला असता, आणि राखही लावली असती. पण तू एवढंच म्हणालीस, "पोरीला गार लागंल." मग मी आत्तीच्या आधी पुढं झाले, इळा काढला, दोरा बांधला, नाळ कापली आणि नाळेवर हात ठेवला. राख परातीतच राहिली. आत्ती त्या दिवशी जेवली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दिवा लावून आत आले तर पोरगी तुझ्या पदराखाली होती. मला बघून तू पदर ओढलास. "पीत न्हाई, नुसती तोंड लावतीया." पण पोरीच्या गालाला लागलेला पिवळट थेंब मी बघितला. पिळून टाकायचा तो चीक तिच्या पोटात गेला होता की नुसता गालाला लागला होता? मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर तू हट्टाला पेटशील आणि काढून घेशील तिला. म्हटलं, विचारू सावकाशीनं. आपल्याला काय घाई होती.

तिसऱ्या दिवशी तुला हुडहुडी भरली. अंग भट्टीगत तापलं. डॉक्टरला पलूसहून आणलं. त्यानं तुझं पोट दाबून बघितलं, बाहेर येऊन दादांना म्हणाला, अंगात विष भिनलंय, मिरजेला हलवा. तू ऐकेनास. पाचवी झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई म्हणालीस. कुठनं शिरलं गं ते विष तुझ्यात? पोरीसाठी इळा उकळला, दोरा उकळला. तुला मात्र जुनेरंच दिली, माळ्यावरच्या गाठोड्यातली, कारण कापड कंट्रोलवर आणि नवं आणायचं कुठनं. त्या जुनेरांतनं शिरलं का? माझ्या हातातनं? की तू पाणी आणायला त्या दिवशीही गेली होतीस, त्यातनं? डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, बाई, असल्या गोष्टीला एकच कारण कुठं असतं. म्हणजे यालाही एक कारण नाही.

पाचवीच्या दिवशी तुझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवता ठेवता मी विचारलं. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी आदी चूल म्हणालीस, ते कशाला गं? इळा उकळायला की राख आणायला?" तू हसलीस, चांगली ओळखीचं हसलीस, आणि म्हणालीस, "दूध उतू जाईल की गं."

आता याला काय म्हणायचं? तापात बरळलीस की खरंच सांगितलंस? त्या दुपारी चुलीवर बाळूचं दूध होतं का? मला पाण्याचं पातेलं आठवतं. दुधाचं काही केल्या आठवत नाही. आत्ती म्हणते होतं. पण आत्तीला आता कालचंही धड आठवत नाही. म्हणजे मी तुझा हुकूम समजून जे केलं, तो हुकूमच नव्हता, तुला फक्त दुधाची काळजी होती, असं झालं का?

दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी मिरजेला जायला गाडी जुंपायला घेतली. बैलांच्या मानेवर जू चढेपर्यंत तू थांबली नाहीस.

पोरगी माझ्या अंगावर आली. बाळू अजून पीत होता म्हणून बरं, दूध होतं. पण माझा जीव टांगणीला. तुझ्या चौथ्याला जे झालं ते याच दिवसांत झालं होतं. मी बाळूला भांडं वाजवू देईना. मग माझ्याच लक्षात आलं, मी अगदी तुझ्यासारखी ओरडतेय.

ज्या दिवशी पुरुष माणसं तुझी राख सावडायला गेली, त्या सकाळी पोरीनं छाती तोंडात धरली नाही. मी परत लावली. तिनं तोंड फिरवलं. परत लावली. ओठ मिटलेले. मी हाक मारली, कुणाला तर तुला. "आक्का, हिचं बघ गं," असं मोठ्यानं म्हणाले आणि मग आठवलं. मी बोट धुतलं आणि तिच्या ओठावर ठेवलं. किती वेळ ठेवलं ते माहीत नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि बोट असं ओढलं की मला दुखलं. जबडा मोकळा होता. गच्च ओढत होती. आणि कोपऱ्यातनं आत्ती म्हणाली, "तिला भूक नसंल. मी मगाशी वातीनं शेरडीचं दूध पाजलंय." मी आत्तीवर तोंड सोडलं. जे तोंडाला येईल ते बोलले. आत्ती म्हणाली, "ती माजीबी नात हाय." मग आम्ही दोघी रडलो, आणि तू गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच बरोबर रडलो.

पोरगी जगली, आक्का. आज तीन आठवड्यांची होत आली. नाळ केव्हाच सुकून पडली. सोयर आणि सुतक एकात एक अडकलं, त्यामुळं बारसं राहिलं. आत्ती तिला दगडी म्हणते, दृष्ट लागू नये म्हणून.

आता हिची नाळ मी उकळलेल्या इळ्यानं कापली म्हणून ही जगली, असं मी म्हणू का? म्हणावंसं लई वाटतं. पण लगेच तुझा आवाज येतो, बाळू कसा जगला मग?

परवा आणखी एक गुंता झाला. गुऱ्हाळ सुतकात बंद होतं. दादा त्या थंड चुलवाणापाशी, काहिलीखालच्या त्या भल्या मोठ्या चुलीपाशी, बसून होते. मी पदर घेऊन चहा द्यायला गेले. त्यांनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "पोरगी झाली तवा ती काय म्हनली व्हती?" मी सांगितलं, आदी चूल. त्यांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "मी हितं व्हतो, चुलवानावर. मला बलवत आसंल ती."

खरंच की. खंडाळ्याकडं गुऱ्हाळं नाहीत म्हणून तू चुलवाणाला चूलच म्हणायचीस. आम्ही हसायचो तुला. "दादा कुठं हायत?" विचारलं की "चुलीवर बसल्यात" म्हणायचीस आणि सगळी खो खो. चार पोरांच्या वेळी दादा कधी आत आले नाहीत, कुणाचाच नवरा येत नाही. पण या वेळी तुला वाटलं असेल का, की आधी त्यांना दाखवावी? जिवंत आहे तोवर दाखवावी? आणि मी मात्र इळा शिजवत बसले, आत्ती राख आणत बसली, आणि तुझ्या माणसाला कुणी हाक मारली नाही. दादांना मी काय सांगणार? मी म्हणाले, "व्हय, तसंच आसंल." ते चहा प्याले नाहीत. कपाकडं बघत बसले.

बघ, म्हणजे दोन शब्द आणि आम्ही घरातल्या सगळ्यांनी ते वाटून घेतले. आत्तीला राख. मला इळा. दादांना हाक. आणि तू स्वतः म्हणतेस, दूध. यातलं खरं कुठलं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक, आणि तू तर अशी.

आता आजचं सांगते. मघाशी, जेवणं उरकल्यावर, भावकीतल्या, समोरच्या घरातल्या तानीची सासू आली. तानीला कळा लागल्यात. हे तिचं पहिलं, माहेरी न्यायचं होतं पण तिकडं कुणी राहिलं नाही. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "इळा द्या जी. हौसा न्हाई, आता नाळ मलाच कापायला हवी."

मी खुंटीवरनं इळा काढला. पातं आता स्वच्छ आहे, त्यावर पाचवीचं हळदकुंकू तेवढं. म्हातारीनं उजेडात धरून बघितला. "तुमी उकाळला म्हनत्यात. खरं हाय का?"

आत्ती कोपऱ्यात वाती वळत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणाले, "मी न्हाई. आक्कानं सांगितलं. जाताना सांगून गेली, आदी चूल."

"चूल म्हंजे?"

"आदी पानी उकळायचं. त्यात इळा टाकायचा, दोरा टाकायचा. जुनेरं उकळून उन्हात वाळवायची, ती वापरायची. हात साबनानं धुवायचे. नाळेला राख लावायची न्हाई. आन पोराला लगेच पाजायचं, चीक असला तरी."

"हौसानं सांगितलं हे?"

"व्हय."

म्हातारीच्या थोरल्या सुनांची सगळी पोरं तू काढलीस. माझं कुणी ऐकलं नसतं, कॉलेजवालीचं कोण ऐकतं. तुझं नाव निघालं आणि म्हातारीनं इळा कपाळाला लावला. "हौसानं सांगितलं म्हंजे करते," म्हणाली आणि पदराखाली धरून गेली. आत्ती काही बोलली असती तर संपलंच होतं. ती नुसती वात वळत राहिली.

आक्का, साबणाचं तू कधी बोलली नव्हतीस. जुनेरांचंही नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं, तुझ्या नावावर. निम्मं यांच्याकडनं ऐकलेलं, निम्मं तुला बघून. चिकाचं तर आपलं भांडणच मिटलं नव्हतं, ते मी तुझ्या तोंडी घालून मिटवून टाकलं. बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. तानीचं पोर जगलं तर ते या कशानं जगलं, तेही मला कळायचं नाही. आणि गेलं, तर सगळी भावकी म्हणेल हौसाचं ऐकलं म्हणून गेलं, आणि ते मला सोसायचं नाही. तू माझ्यावर चिडली असशील तर चीड. मी खोटं बोलले असेन तर ये आणि भांड. निदान त्यासाठी तरी ये.

दारातनं तानीचं घर दिसतं. स्वयंपाकाची वेळ नाही, तरी त्यांच्या छपरातनं धूर वर येतोय. म्हातारीनं चूल पेटवली. ती पाण्यासाठी की राखेसाठी, ते इथनं काही कळत नाही.

पोरगी प्यालीय, पोट भरलंय तिचं. तिला आत्तीजवळ देते. आक्का, मी जाऊन बघते.